घर भाड्याने देण्यापूर्वी : मुळशीतील होतकरू घरमालकांसाठी



मुळशी तालुक्याची ओळख पूर्वी तीन गोष्टींवरून होत असे : मुसळधार पाऊस, आंबेमोहोर तांदळाची खाचरे आणि टाटांचे धरण. या धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या तेव्हा १९२१ साली मावळ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह पुकारला. तो १९२४ पर्यंत चालला व मोडला. त्या लढ्याचा एक तपशील आजच्या विषयाशी निगडित आहे. बुडणाऱ्या बऱ्याच जमिनींची कागदोपत्री मालकी पुण्यातील सावकारांकडे होती आणि त्यांपैकी अनेकांनी मोबदला पत्करला. जमीन कसणारा मात्र रित्या हाताने डोंगरावर गेला. कागद ज्याच्या नावाचा, पैसा त्याच्या हाती, हा व्यवहार मुळशीने शंभर वर्षांपूर्वीच पाहिला आहे.

दुसरे मोठे स्थित्यंतर १९९० च्या दशकाच्या अखेरीस आले. हिंजवडी व माण परिसरात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारले. पिरंगुटच्या बाजूस कारखाने वाढले, लवळ्याच्या टेकडीवर विद्यापीठाचे संकुल उभे राहिले, आणि भूगाव, बावधन, सूस, म्हाळुंगे, मारुंजी या गावांच्या शिवारांत बहुमजली इमारती दिसू लागल्या. जमिनीला सोन्याचा भाव आला. आलेला पैसा किती घरांत टिकला आणि किती घरांत मोटारी, लग्ने व निवडणुका यांत वाहून गेला, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. २०१८ साली प्रदर्शित झालेल्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने ते साऱ्या महाराष्ट्रापुढे मांडले.

ज्या कुटुंबांनी उरलेल्या दोन-चार गुंठ्यांवर किंवा गावठाणातील जुन्या घराच्या जागी खोल्या बांधल्या, त्यांची कथा चित्रपटाचा विषय होत नाही. संगणक अभियंता, त्याच्या इमारतीचा पहारेकरी, उपाहारगृहातील आचारी, बांधकामावरचा गवंडी, विद्यापीठातील विद्यार्थिनी, या साऱ्यांना राहावयास जागा लागते. ती पुरविण्याचा व्यवसाय आज या तालुक्यात शेतीच्या बरोबरीने चालतो. तो करू इच्छिणारे नवे लोक दोन प्रकारचे आहेत : ज्यांच्याकडे जागा आहे पण पैसा थोडा, आणि ज्यांच्याकडे पगार आहे पण जागा नाही. दोघांचे हिशेब भिन्न आहेत आणि ते एकत्र केल्यामुळेच बहुतेक चुका होतात.

सदनिकेचा हिशेब

प्रथम पगारदाराचा विचार करू. समजा, पुण्यातील एका शिक्षक दांपत्याने भाड्याने देण्यासाठी म्हणून मुळशीत ५० लाख रुपयांची सदनिका घेतली. मुद्रांक शुल्क, नोंदणी, पंखे-दिवे, कपाटे व किरकोळ कामे धरून खर्च ५५ लाखांवर गेला. भाडे दरमहा १८,००० रुपये ठरले. नवखा माणूस येथे बारा महिन्यांनी गुणाकार करतो. जाणता अकरांनी करतो, कारण एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत सरासरीने महिनाभर घर रिकामे राहतेच. अकरा महिन्यांचे १,९८,००० रुपये झाले. त्यातून सोसायटीची देखभाल वर्गणी ३०,०००, घरपट्टी ८,००० आणि रंगरंगोटी, नळदुरुस्ती व दलाली मिळून २०,००० वजा केले, तर हाती १,४०,००० उरतात. गुंतविलेल्या रकमेवर हे उत्पन्न अडीच टक्क्यांच्या आसपास भरते. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून हा हिशेब कागदावर मांडावा, तोंडी करू नये.

आता याच दांपत्याने ४० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले असेल, तर मासिक हप्ता ३४,७०० रुपयांच्या घरात जातो. निव्वळ भाडे महिन्याला साडेअकरा हजारांपेक्षा थोडे अधिक. म्हणजे दरमहा सुमारे २३,००० रुपये पदरचे घालावे लागतात. ‘भाड्यातून हप्ता फिटतो’ हे विक्रेत्याच्या तोंडचे वाक्य या गणितापुढे टिकत नाही. अशी सदनिका घेणारा वस्तुतः भाड्यासाठी ती घेत नाही. पुढे किंमत वाढेल या आशेवर तो घेत असतो. आशा बाळगण्यास हरकत नाही, परंतु तिला उत्पन्न म्हणू नये. दांपत्यापैकी एकाची नोकरी गेली, तर ते २३,००० रुपये कोठून येणार, याचे उत्तर सदनिका पाहावयास जाण्यापूर्वी तयार असले पाहिजे.

किंमत वाढण्याच्या आशेला मुळशीत एक ठरलेले निमित्त असते. माण ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटर लांबीच्या मेट्रो मार्गाचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले, आणि तेव्हापासून इमारतींच्या जाहिरातींत मेट्रोचे अंतर मिनिटांत सांगितले जाऊ लागले. सार्वजनिक कामे होतात, त्यांचा लाभही होतो, पण बँकेचा हप्ता त्यांच्यासाठी थांबत नाही. भूमिपूजनाच्या वर्षी घर घेतलेल्यांनी त्यानंतरची कित्येक वर्षे हिंजवडीच्या चौकातील वाहनांच्या रांगा पाहतच हप्ते भरले.

नव्या प्रकल्पातील सदनिका घ्यावयाची असल्यास १ मे २०१७ पासून राज्यात काम करीत असलेल्या महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजेच महारेराकडे, त्या प्रकल्पाची नोंद आहे की नाही हे प्रथम पाहावे. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशे, पूर्णत्वाची दिलेली तारीख व जमिनीवरील बोजा यांची माहिती कोणासही मोफत पाहता येते. किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम नोंदणीकृत करारापूर्वी घेण्यास विकासकाला मनाई आहे. तरीही ‘आज भरा, उद्या भाव वाढेल’ असे कोणी म्हणत असेल, तर त्या उतावळेपणातच काय ते समजून घ्यावे.

भाड्याने देण्यासाठी पहिल्यांदाच घर घेणाऱ्याने मुळशीत आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे पाणी. भर पावसाच्या या तालुक्यात शहरालगतच्या अनेक इमारती उन्हाळ्यात टँकरवर चालतात. टँकरचा खर्च देखभाल वर्गणीत येऊन बसतो आणि भाडेकरू कंटाळून निघून जातो. म्हणून घर पाहावयास जाणे ते मे महिन्यात आणि संध्याकाळी. पाणी आणि रहदारी, दोन्ही एकाच फेरीत कळतात.

गावठाणातील खोल्या

ज्याची स्वतःची जागा आहे त्याचा हिशेब निराळा. समजा, माणमधील एका शेतकऱ्याने घराशेजारी प्रत्येकी दोनशे चौरस फुटांच्या चार खोल्या, टाकी, शोषखड्डा व स्वतंत्र वीजजोडण्या यांसह १७ लाखांत बांधल्या. खोलीमागे ५,५०० रुपये भाडे आणि वर्षातून सरासरी दहा महिने खोल्या भरलेल्या, असे धरले तर २,२०,००० रुपये जमा होतात. पाणी, कर व दुरुस्ती यांपोटी ५०,००० गेले, तरी १,७०,००० उरतात, म्हणजे लावलेल्या पैशावर दहा टक्के. सदनिकेच्या चौपट! मात्र यात जमिनीची किंमत धरलेली नाही. ती धरली तर हे आकडेही खाली येतील. परंतु वडिलोपार्जित जमीन विकावयाचीच नाही असे ज्याने ठरविले आहे, त्याला हाच हिशेब खरा आहे.

आणखी एक फायदा असा की, चार भाडेकरूंपैकी एक गेला तरी तीन उरतात. सदनिकेचा एकमेव भाडेकरू गेला की उत्पन्न शून्यावर येते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना घरून काम करण्यास सांगितले आणि ही तरुण मंडळी आपापल्या गावी परतली. हिंजवडी परिसरातील सदनिका व विद्यार्थी-नोकरदारांची निवासगृहे रिकामी पडली. त्या एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी व थकबाकीपोटी कोणास घराबाहेर काढू नये, अशा सूचना घरमालकांना दिल्या. भाडेकरूच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. पण ज्या मालकांनी कर्जावर कर्ज काढून मजले चढविले होते, त्यांचे काय झाले असेल याची कल्पना करता येईल. या व्यवसायात पहिले पाऊल टाकणाऱ्याने सहा महिन्यांच्या हप्त्याइतकी रक्कम बाजूस ठेवल्यावाचून कर्ज घेऊच नये.

खोल्या बांधणाऱ्यांची खरी दुबळी बाजू कागदपत्रांची आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर नाव लागले म्हणजे बांधकाम कायदेशीर झाले, ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. तो उतारा कर आकारणीचा आहे. तो मालकीचा पुरावा नव्हे, बांधकाम परवानगी तर नव्हेच. २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात मुळशीतील गावे येतात. तेथे कोणत्या जागेवर कोणाची परवानगी लागते, याची चौकशी पायाखोदाईपूर्वी केली पाहिजे. सातबारावर भावंडांची व बहिणींची नावे असताना एकट्यानेच मजला चढविला, तर भाडे येऊ लागताच वाटणीचा दावाही येतो. असे दावे वर्षानुवर्षे चालतात आणि खोल्यांना कुलूप लागते. बहिणीचा हिस्सा बोलून, लिहून, नोंदवून मगच वीट ठेवावी. हक्कसोडपत्राच्या कागदावर सणासुदीला घाईने घेतलेली सही पुढे किती महाग पडते, हे तहसील कचेरीच्या ओसरीवर बसलेल्या कोणालाही विचारावे.

एक-दोन गुंठ्यांचे तुकडे ‘भाड्याच्या खोल्यांसाठी उत्तम’ म्हणून विकले जातात, त्यांबाबत तर दुप्पट सावध राहावे. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा, त्यात वेळोवेळी झालेल्या सुधारणा, अकृषिक वापराची स्थिती व पोहोचरस्ता या चारही गोष्टी वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय विसार देऊ नये. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीपुढे केलेल्या खरेदीने मालकी मिळत नाही.

भाडेकरूची भीती आणि कराराचे बळ

पुण्या-मुंबईकडील जुन्या घरमालकांच्या मनात भाडेकरू या शब्दाची एक धास्ती असते. ती निराधार नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जुन्या पातळीवर गोठविली. त्यामुळे युद्धोत्तर टंचाईच्या काळात लक्षावधी कुटुंबांना आसरा मिळाला हे खरे, पण पुढे पेठांतील वाड्यांचे भाडे दुरुस्तीच्या चुन्यालाही पुरेना आणि वाडे ढासळत गेले. या कायद्यातून सुटण्यासाठी मालकांनी भाड्याऐवजी परवानगीचे, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सचे, करार काढले. तेव्हा कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेले असे परवानाधारकही संरक्षित भाडेकरू मानले गेले. त्या धक्क्याने कित्येकांनी घरे कुलूपबंद ठेवणेच पसंत केले. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, जुन्या पातळीवर भाडी अडवून ठेवणाऱ्या या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत असा निर्वाळा दिला. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला.

या कायद्यात नवख्या मालकाने दोन कलमे समजून घ्यावीत. कलम ५५ सांगते की भाड्याचा किंवा परवानगीचा करार लेखी असला पाहिजे व त्याची नोंदणी झाली पाहिजे, आणि ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर वाद उद्भवल्यास भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या मानल्या जातात, जोवर उलट सिद्ध होत नाही. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हे चावडीवरील शहाणपण येथे खोटे ठरते. कलम २४ नुसार निवासासाठी दिलेल्या परवानगीची मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागू शकतो आणि त्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुपटीने भरपाई मिळू शकते. जुनी धास्ती घालविणारे कलम ते हेच. मात्र हा अधिनियम त्याच्या परिशिष्टांत नमूद केलेल्या क्षेत्रांना लागू होतो. आपले गाव त्यात मोडते की नाही हे विचारून घ्यावे आणि मोडत नसले तरी करार नोंदवावाच. नोंदविलेल्या करारामुळे नुकसान झाल्याचे उदाहरण सापडणे कठीण.

नोंदणीचा खर्च हे न करण्याचे कारण सांगितले जाते, तेही फसवे आहे. वर सांगितलेल्या १८,००० रुपये भाड्याच्या सदनिकेचा अकरा महिन्यांचा करार आणि ५०,००० रुपये परत करावयाची अनामत घेतली, तर एकूण भाडे व अनामतीवरील दहा टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क पडते. ते होते सुमारे पाचशे रुपये. नोंदणी फी त्याव्यतिरिक्त. नोंदणी महानिरीक्षक कार्यालयाच्या ऑनलाइन व्यवस्थेमुळे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत न जाताही हे काम होते. भाडेकरूची माहिती संबंधित पोलीस ठाण्यास कळविणे हेही मालकाचे काम. हिंजवडी पोलीस ठाणे २०१८ साली सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येते, तर पौड पोलीस ठाणे पुणे ग्रामीणमध्ये, एवढे लक्षात असू द्यावे.

सोसायटीतील सदनिका भाड्याने देताना ‘ना-वापर शुल्क’ म्हणून मनमानी रक्कम मागितली जाते. राज्य शासनाच्या ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे हे शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. जून २०२१ मध्ये सूस, म्हाळुंगे व बावधन बुद्रुक ही गावे इतर गावांसह पुणे महानगरपालिकेत आली. तेथे स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळकतकरात मिळणारी ४० टक्क्यांची सवलत भाड्याने दिलेल्या घराला मिळत नाही. हा फरक आधीच हिशेबात धरावा. प्राप्तिकराच्या बाबतीत भरलेला स्थानिक कर वजा करून उरलेल्या भाड्यातून तीस टक्के सरसकट वजावट मिळते, त्यासाठी दुरुस्तीच्या पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. मात्र खोल्यांचे भाडे हे शेतीचे उत्पन्न नव्हे. शेतकरी असल्यामुळे ते करमुक्त आहे असे समजून स्वस्थ बसणाऱ्यास नोटीस येऊ शकते.

माणसे

भाड्याच्या घराचे उत्पन्न शेवटी त्यात राहणाऱ्या माणसावर अवलंबून असते. आडनाव, धर्म, स्वयंपाकातील पदार्थ किंवा एकटी नोकरी करणारी मुलगी, या कारणांवरून खोली नाकारणारा मालक अन्याय तर करतोच, पण आपलेही नुकसान करतो. नियमित पगार, पूर्वीच्या मालकाचा अभिप्राय आणि ओळखीचा पुरावा या तीन गोष्टी पाहाव्यात. दहा बाय दहाच्या खोलीत आठ बांधकाम मजूर कोंबून माणशी भाडे घेण्याचा प्रकारही काही ठिकाणी चालतो. त्यात पैसा दिसतो खरा, पण एकच शौचालय, एकच नळ आणि लोंबकळत्या तारा यांतून आजार वा आग उद्भवली तर त्याची जबाबदारी मालकाच्या दारी येते. ज्यांच्या आजोबांना धरणापायी घर सोडावे लागले, त्यांच्या दारी आज कोणी विदर्भातून, कोणी बिहारमधून घर सोडून आलेला उभा असतो, हे मुळशीकरांना कोणी शिकवावयास नको.

भांडणे बहुतेक अनामतीवरून होतात. भाडेकरू जाताना भिंतीला पडलेले खिळे, गळका नळ, वापरून जुनी झालेली फरशी अशी यादी निघते आणि अनामत अडवली जाते. नित्य वापराची झीज ही भाड्यातच मोजलेली असते, ती पुन्हा कापता येत नाही. यावर उपाय साधा आहे. किल्ली देण्याच्या दिवशी दोघांनी मिळून घर फिरून पाहावे, पंखे, नळ, खिडक्या व मीटरचा आकडा एका कागदावर लिहावा, छायाचित्रे काढावीत आणि दोघांनी सह्या कराव्यात. एक प्रत भाडेकरूकडे, एक मालकाकडे. घर सोडतेवेळी तोच कागद काढून पुन्हा एकवार फेरी मारावी आणि उरलेली अनामत त्याच दिवशी, शक्यतो बँकेमार्फत, परत करावी.